यजमानांची फाईल जाडजूड झाली, तुमची कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा : "यजमान ५८ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. सगळं मीच करते. मी ५२ वर्षांची. वर्षभरात कंबर धरली, झोप उडाली, वजन वाढलं, मागच्या महिन्यात बीपी निघाला. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन पुढे ढकलतेय. हल्ली इतकी चिडचिड होते की एकदा त्यांच्यावर हात उगारला गेला. घरचे म्हणतात, पाळी जायच्या वयात असं होतंच. हे वयाचं आहे की या सगळ्याचं? आणि मी करू काय?"

ताई, वयाचा वाटा आहेच. पाळी जाण्याच्या सुमाराला झोप तुटते, पोटावर वजन चढतं, बीपीही वर सरकतो. पण तुम्ही लिहिलेली हीच यादी मी तिशीतल्या बायकांकडून ऐकली आहे आणि सत्तरीतल्या पुरुषांकडूनही. त्यामुळे सगळं खापर पाळीवर फोडायला मी तयार नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पॅरालिसिसच्या आणि मणक्याला दुखापत झालेल्या पेशंटना घरी जाऊन व्यायाम देते. पेशंटचा हात हलवता हलवता शेजारी उभ्या माणसाकडे लक्ष जातंच. कोण कमरेवर हात ठेवून उभं आहे, कोण जमिनीवरून उठताना पलंगाचा कठडा धरतं, कुणाचे डोळे सकाळी अकरालाच मिटतायत.

या विषयावरचा एक अमेरिकन अभ्यास वारंवार सांगितला जातो, १९९९ सालचा. जोडीदाराला सांभाळणारे ६६ ते ९६ वयाचे लोक आणि ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही असे त्याच वयाचे लोक, दोघांना सुमारे चार वर्षं पाहिलं. सांभाळताना ताण होतोय असं सांगणाऱ्यांत मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा लोकांना घाबरवायला फार वापरतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही : जे सांभाळत होते पण ताण नाही म्हणत होते, त्यांच्यात असा वाढलेला धोका दिसला नाही. पुढे २०१३ मध्ये तिथल्याच एका मोठ्या पाहणीत साडेतीन हजार सांभाळणाऱ्यांची त्यांच्यासारख्याच इतरांशी तुलना केली, तर सांभाळणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण उलट १८ टक्के कमी आढळलं. म्हणजे घरच्या माणसाचं करणं हे काही विष नाही. कशाने ताण पडतो हे नेमकं शोधावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं बदलता येतं. तुम्ही यजमानांचं कमी करा असं मी सांगणार नाही. काही गोष्टी एकटीने करणं बंद करा, हे सांगणार आहे.

ताण "मनाचा" असतो आणि शरीराला काही होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक दाखला. १९९५ मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. जखमेला काय माहीत घरात काय चाललंय? पण झोप मोडते, ताणाची हार्मोन्स सतत चढलेली राहतात, त्याचा परिणाम भरून येण्याच्या वेगावर होतो. तुमचा बीपी आणि तुमची कंबर यांच्याकडेही त्याच नजरेने बघा.

सगळ्यात आधी रात्र.

डिस्चार्ज देताना तुम्हाला सांगितलं असेल, "दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर बेडसोर होतील." सुरुवातीला ते बरोबर असतं. पण हा आदेश पुन्हा कुणी तपासत नाही, आणि दीड-दीड वर्ष बायका रात्री अकराला, एकला, तीनला, पाचला गजर लावून उठतात. दोन-दोन तासांच्या तुकड्यांची झोप म्हणजे सलग शांत झोप जवळपास नाहीच. बीपी, साखर, वजन, चिडचिड, सगळ्यांचं मूळ इथे सापडू शकतं. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत झालेल्या एका चाचणीत चांगल्या दाट फोमच्या गादीवरच्या वृद्धांची कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलून पाहिली. बेडसोरच्या प्रमाणात फरक पडला नाही. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही जास्त धोका असलेल्यांसाठी किमान दर चार तासांनी असंच म्हणतात.

यजमानांची कातडी आज धड असेल, गादी चांगली असेल, डावी बाजू चालत असल्यामुळे ते स्वतः थोडे हलत असतील, तर रात्रीचं अंतर चार तासांवर नेता येईल का हे डॉक्टरांना थेट विचारा. परवानगी मिळाली तर अकराला एकदा, तीनला एकदा, मग सकाळी. सकाळी माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे उजेडात बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तिथली लाली जात नसेल, किंवा कूस बदलून अर्धा तास झाला तरी डाग तसाच असेल, तर पुन्हा दोन तासांवर या आणि डॉक्टरांना कळवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून हात फिरवून बघा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का? (एअर बेड असेल तर त्याच्या पंपावर फार विसंबू नका. लाइट गेली की तासाभरात तो बसलेला असतो आणि पेशंट खालच्या लाकडावर. अंगाखाली हात घालून बघत जा.)

रात्रीची लघवी हा दुसरा गजर. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल आणि ती संध्याकाळी दिली जात असेल, तर ती सकाळी देता येईल का ते विचारा. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी, दिवसा मात्र भरपूर. पुरुषांसाठी रात्रीपुरता कंडोम कॅथेटर मिळतो. बाहेरून लावायचा, नळी पिशवीला जोडायची, सकाळी काढून धुऊन कोरडं करायचं. आत घालायची कायमची नळी केवळ सोयीसाठी मागू नका, तिने इन्फेक्शन होतं. आणि तुम्ही त्यांच्याच खोलीत, खाली गादी टाकून, एक कान उघडा ठेवून झोपत असाल. त्यांचा डावा हात चालतो ना? मग बाजारात मिळते ती वायरलेस डोअरबेल घ्या. बटण त्यांच्या डाव्या हाताजवळ, घंटा तुमच्या खोलीत. दिवसा दोन-चार वेळा दाबायला लावून सराव करून घ्या.

माणूस लावण्याबद्दल माझं मत बऱ्याच घरांत पटत नाही, तरी सांगते. पैसे मोजकेच असतील तर ब्युरोचा माणूस दिवसा लावू नका, रात्री लावा. सगळे म्हणतात दिवसा काम जास्त. असेल. पण दिवसाच्या कामात शेजारीण, भाची, मुलगा, कुणीतरी हातभार लावू शकतं, रात्री तीनला कुणी येत नाही. आठवड्यातून दोन रात्री जरी सलग सहा-सात तास झोप मिळाली तरी महिन्याभरात चेहरा बदललेला मी पाहिला आहे.

आता कंबर. हा माझा प्रांत, इथे जरा सविस्तर.

पेशंट हाताळणाऱ्या लोकांसाठी अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधकांनी एक मर्यादा सुचवलेली आहे : सगळं अनुकूल असलं तरी एका माणसाने साधारण १६ किलोपेक्षा जास्त वजन पेलू नये. यजमान सत्तर किलोचे असतील तर त्यांचा नुसता एक पाय दहा-अकरा किलोचा. तेव्हा "नीट वाकून उचला" या सल्ल्याने कंबर वाचत नाही. मुळात उचलणंच बंद करायचं. सरकवायचं, लोळवायचं, आणि जे ते स्वतः करू शकतात ते त्यांच्याकडून करून घ्यायचं.

आपल्याकडे पलंग भिंतीला टेकवलेला असतो. पेशंट पडू नये म्हणून आणि खोली लहान म्हणून. त्यामुळे तुम्हाला एकाच बाजूने, अर्ध्या पलंगावर ओणवं होऊन, हात लांब करून ओढावं लागतं. कमरेच्या खालच्या मणक्यांना याहून वाईट स्थिती क्वचितच असेल. पलंग भिंतीपासून हातभर ओढा. भिंतीकडच्या बाजूला कठडा लावून घ्या, किंवा फक्त काम करण्यापुरता ओढा आणि परत सरकवा. पलंग बॉक्सचा दिवाण असेल तर तो बहुधा फार खाली असतो. यजमान कडेला बसल्यावर त्यांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि मांड्या सपाट राहतील इतकी उंची हवी. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या, विटा नकोत, त्या सरकतात. डायपर बदलताना एक गुडघा पलंगावर टेकवा, म्हणजे वाकणं अर्ध्यावर येतं. हाताने वर-खाली होणारी हॉस्पिटलची कॉट भाड्याने मिळते. कितीतरी गावांत संस्था, रोटरी क्लब, गणेश मंडळं अनामत घेऊन रुग्णोपयोगी साहित्य देतात. तिथे कॉट, कमोड खुर्ची, व्हीलचेअर मिळेल का ते आधी विचारा, विकत घेण्याची घाई नको.

कुशीवर वळवताना असं करा. त्यांना डावा गुडघा दुमडायला सांगा, डाव्या हाताने उजवा हात छातीवर धरायला सांगा, तुम्ही खांदा आणि खुबा धरून "एक-दोन-तीन" म्हणा आणि तीनला त्यांनी ढकलायचं. पहिले काही दिवस त्यांना जमणार नाही आणि तुम्हाला वाटेल, त्यापेक्षा मीच पटकन केलं असतं. मोह आवरा. डाव्या बाजूची ताकद शाबूत असलेला माणूस निम्मं काम स्वतः करू शकतो. दयेपोटी आणि घाईपोटी आपण ते काढून घेतो, मग त्यांची ताकद जाते आणि आपली कंबरही. वर उशीकडे सरकवायचं असेल तर दोघं लागतात. अंगाखाली आडवी घातलेली चादर दोन्ही बाजूंनी धरून ओढायची. तिच्याखाली नायलॉनच्या जुन्या साडीची दुहेरी घडी घातली तर फार हलकं जातं. मात्र काम झालं की ती साडी काढून घ्या, नाहीतर पेशंट घसरत खाली येतो.

पलंगावरून खुर्चीत नेताना खुर्ची त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, जरा तिरकी लावा. ब्रेक लावलेले, पायाच्या पट्ट्या बाजूला केलेल्या. त्यांच्या कमरेला कॅनव्हासचा रुंद पट्टा बांधा आणि तो धरा, काखेत हात घालू नका. उजवा हात तर कधीच ओढू नका. तो खांदा सैल झालेला असतो, निसटतो, आणि मग वर्षभर ओरडतात. तुमच्या गुडघ्याने त्यांचा उजवा गुडघा अडवा, त्यांना नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत झुकू द्या, मगच उठवा. झुकल्याशिवाय उठवलं की सगळं वजन तुमच्यावर येतं. आणि हे गाऊन घालून, ओल्या सपाता घालून करू नका. पाय अडकून दोघंही पडतात. तुमच्या भागातल्या एखाद्या फिजिओला एकदा घरी बोलवा आणि सांगा, "आज त्यांचा व्यायाम नको, मला शिकवा."

कंबरदुखीबरोबर बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल लटकं पडणं, लघवी तुंबणं किंवा न कळता होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यात थांबायचं नाही.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारते. उचलताना, खोकताना लघवी सुटते का? फार बायकांना सुटते आणि त्या फिजिओलाही सांगत नाहीत. मग पाणी पिणं कमी करतात, जळजळ सुरू होते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, बहुतेकींना उपयोग होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

बीपीचं मशीन तुमच्या घरात असेलच. रोज यजमानांचा बीपी वहीत लिहिला जातो, तुमचा कधी मोजला होता? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं बसून मोजा, त्याच वहीत उलट्या बाजूने लिहा. घरी मोजलेल्याची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर तो वाढलेलाच समजायचा. "टेन्शनमुळे आहे, जाईल" असं म्हणून गोळी टाळू नका. टेन्शन कुठे जाणार आहे? वहीबरोबर साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड एकदा करून घ्या आणि हे सगळे कागद तुमच्या नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये लावा. यजमानांच्या फाईलच्या मागच्या कप्प्यात खुपसू नका, तिथून ते पुन्हा बाहेर येत नाहीत.

खाण्याबद्दल एवढंच की उभ्याने, उरलंसुरलं, सहा कप चहा आणि बिस्किटं यावर दिवस काढू नका. त्यांचं ताट वाढता तेव्हाच स्वतःचंही वाढा.

नातेवाइकांकडे वळते. भेटायला येतात, तुम्ही चहा करता, ते अमक्या गावच्या तेलाचं, तमक्या वैद्याच्या पुडीचं सांगतात, जाताना हळूच "व्यायाम रोज घेतेस ना गं?" असं विचारतात. या शेवटच्या वाक्याने किती बायकांना पोखरलं आहे ते मला माहीत आहे. म्हणून माझ्याच व्यवसायाला गैरसोयीचं वाटेल असं सांगते. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटांवर एक मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्ट्रोकनंतर घरच्या माणसाला व्यायाम शिकवून त्याच्याकडून घरी पुनर्वसन करून घेतलं तर पेशंट जास्त सुधारतो का, हे पाहिलं. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले, दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. याचा अर्थ व्यायाम सोडून द्या असा नाही. सांधे आखडू नयेत, खांदा दुखू नये, बसता यावं यासाठी तो लागतोच. पण मेंदूच्या ज्या भागाला इजा झाली तो भाग बायकोच्या मेहनतीच्या प्रमाणात परत येत नाही. त्यांचा हात आला नाही म्हणून तुम्ही नापास झालेल्या नाही.

पुढच्या वेळी पाहुणे आले की चहा त्यांनाच करायला सांगा आणि म्हणा, "दीड तास बसाल का, मी बाहेर जाऊन येते." काही जण पुन्हा येणार नाहीत. चालेल. मुलगा परगावी असेल आणि पैसे पाठवत असेल, तर त्याच्याकडून तासही मागा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्याने बाबांशी व्हिडिओवर बसायचं, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, घरात शेजारचं कुणी असेल, आणि तुम्ही चालायला जायचं. औषधं आणणं, विमा, बँक, डॉक्टरांची वेळ घेणं हे सगळं फोनवरून त्याला करता येतं. "आईला सवय आहे" या वाक्यावर घर चालू देऊ नका.

चिडचिडीचं आणि उगारलेल्या हाताचं. तुम्ही ते लिहिलंत हे चांगलं केलंत. दीड वर्ष ज्या माणसाशी बोलायचं तो बोलत नाही, हा एकटेपणा बाहेरच्यांना कळत नाही. उजवी बाजू जाते तेव्हा डाव्या मेंदूतलं भाषेचं केंद्रही बऱ्याचदा सापडतं. त्याला वाचाघात म्हणतात. समजतं पण शब्द येत नाहीत, किंवा भलताच शब्द येतो, आणि अनेकदा समजण्यातही खोट असते. मग तुम्ही "पाय वर घ्या" म्हणता आणि ते घेत नाहीत, तो हट्ट नसतो. शिवाय झटक्यानंतर काही जणांना कारण नसताना रडू येतं, हसू येतं. ते तुमच्यावर आरोप म्हणून रडत नाहीत, मेंदूचा तो ब्रेक सैल झालेला असतो. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्यही येतं, त्यावर गोळ्या आहेत. दीड वर्षात कुणी तपासलं नसेल तर तपासून घ्या. त्यांचं नैराश्य कमी झालं की ते सहकार्य करतात आणि तुमचं काम हलकं होतं. वाचाउपचार दीड वर्षानंतरही सुरू करता येतात. निदान हो-नाहीची पक्की खूण आणि चित्रांचा एक तक्ता एवढं झालं तरी दिवसातली निम्मी झटापट थांबते.

आता तुमचा राग. थकलेल्या माणसाला राग येतो, यात पाप वगैरे काही नाही. पण समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही आणि कुणाला सांगूही शकत नाही, म्हणून याला "होतं असं" म्हणून सोडायचंही नाही. हात शिवशिवायला लागले की कठडा वर करा, खुर्चीचे ब्रेक लावा, आणि दहा मिनिटं खोलीबाहेर जा. डायपर ओला राहिला तरी दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. असं पुन्हा झालं तर तो इशारा समजा. त्याच आठवड्यात घरात दुसरं माणूस आणा आणि स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. "हे सुटले तर बरं" असा विचारही मनात येऊन जातो. जवळपास सगळ्यांच्याच येतो, बहुतेक जण तो कबूल करत नाहीत. मात्र "मीच सुटले तर बरं" असं वाटायला लागलं, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सकाळी उठणंच नको वाटत असेल, तर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

नवरा-बायको म्हणून जे होतं त्याचंही काहीतरी उरू द्या. शी-शू, आंघोळ, भरवणं हे सगळं एकाच बाईने केलं की ती परिचारिका होते आणि तो मूल. शक्य असेल तर आंघोळ आणि डायपर दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि संध्याकाळचा चहा मात्र तुम्ही दोघांनी एकत्र घ्या. शरीरसंबंधांबद्दल कुणी विचारत नाही म्हणून सांगते : तब्येत स्थिर असेल तर झटक्यानंतर त्याला बंदी नसते. बीपीच्या काही गोळ्यांनी अडचण येते, डॉक्टरांना विचारता येतं.

हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी दोन ओळी. बायको अंथरुणावर असलेल्या नवऱ्याचं लोक कौतुक करतात, डबे येतात, ते चांगलंच. पण त्यांना मन मोकळं करायला कुणी नसतं, आणि संध्याकाळी बाटली निघायला लागते ती याच काळात. कंबर आणि झोप यांचे नियम तुम्हालाही तेच.

कागदपत्रांचं पटकन. यजमानांचं दिव्यांगत्वाचं ऑनलाइन कार्ड, म्हणजे यूडीआयडी, काढलं नसेल तर काढा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं, अर्धी बाजू गेली असेल तर बहुधा भरतं. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, आणि "काळजीवाहक" यात घरची बिनपगारी माणसंही येतात. केरळात अंथरुणावरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये देणारी 'आश्वासकिरणम' योजना आहे. रक्कम हास्यास्पद असली तरी निदान नोंद तरी होते. घरखर्चाचा हिशेब मात्र अशा भत्त्याच्या भरवशावर मांडू नका.

राहिलं तुमचं ऑपरेशन. सर्जननी ते करा म्हटलं असेल तर पुढे ढकलू नका. खडा नळीत अडकला, कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली, तर रातोरात दाखल व्हावं लागतं आणि त्या रात्री यजमानांचं काय, हे ठरवायला कुणाला वेळ नसतो. दुर्बिणीतून केलं तर "दोन दिवसांत घरी" असं सांगतात. ते खरं आहे, पण घरी सत्तर किलोचा माणूस सरकवायचा आहे हे तुम्ही सर्जनना सांगितलेलं नसतं. सांगा. जड काम किती आठवडे बंद, हे विचारा. बहुधा चार ते सहा सांगतील, कारण बेंबीजवळच्या टाक्यावर जोर आला तर तिथे हर्निया होऊ शकतो. म्हणजे सोय दोन दिवसांची नको, महिन्याची हवी.

ती घरी जमत नसेल तर यजमानांना तेवढे दिवस केअर सेंटरमध्ये ठेवा. लोक "टाकून दिलं" म्हणतील, म्हणू द्या. जागा निवडताना सकाळी ऑफिसात बसून माहितीपत्रक बघू नका, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. भरवताना पेशंटना ताठ बसवतात की पडल्यापडल्या चमचा कोंबतात? झटक्यानंतर गिळण्यात दोष राहतो आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्युमोनिया होतो, म्हणून हे सगळ्यात आधी. रात्री किती पेशंटमागे किती माणसं, गोळ्या कोण देतं आणि कुठे लिहितं, पेशंटची नखं कापलेली आहेत का, तेही बघा. यजमानांबद्दल एक पान मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा : हो-नाहीची खूण कोणती, उजवा हात ओढायचा नाही, चहा किती साखरेचा, बेलचं बटण डाव्या हातात. दाखल करताना माकडहाड आणि टाचांचे फोटो तारखेसह काढून ठेवा, आणि परत आणतानाही तिथल्या सिस्टरसमोरच काढा.